कात्री आणि कार्ड

१९८० सालच्या मार्चमध्ये व्हाइट हाउसच्या टपालात पत्रांबरोबर प्लास्टिकचे तुकडे येऊ लागले. लोकांनी आपापली क्रेडिट कार्डं कात्रीनं कापून राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना पाठवली होती. त्या काळाच्या आर्थिक इतिहासात ही गोष्ट बहुधा एखाद्या ओळीत, गंमत म्हणून येते आणि लिहिणारा पुढच्या आकड्याकडे वळतो. मला तिथून पुढं सरकता येत नाही. तेव्हाचं कार्ड जाड असायचं, नंबर उठावाचे. दुकानदार ते एका छोट्या लोखंडी यंत्रात आडवं ठेवायचा, वर कार्बनची पदरी पावती ठेवायचा आणि मूठ एकदा इकडून तिकडं सरकवायचा. खर्रर्र-खट. अंक पावतीवर निळसर उमटायचे. चोरीला गेलेल्या कार्डांचे नंबर बारीक टायपात छापलेली पुस्तिका गल्ल्याजवळ पडलेली असायची. रक्कम मोठी असेल तर फोन करून परवानगी घ्यावी लागायची. असं कार्ड घरातल्या शिवणाच्या कात्रीनं कापायचं म्हणजे पातं त्या उठावावर घसरणार, दोन-तीनदा दाबावं लागणार. मग तुकडे गोळा करायचे, पाकिटात घालायचे, १५ सेंटचं तिकीट लावायचं, पत्ता लिहायचा. रागाच्या भरात कागद टरकावण्यापेक्षा हे काम बरंच सावकाशीचं आहे. माणसाला मध्येच थांबून विचार बदलायला भरपूर वेळ मिळतो. या लोकांनी तो बदलला नाही.

खटकतं ते असं, की याच लोकांना याच माणसानं आठ महिन्यांपूर्वी भोगलोलुप म्हटलं होतं.

१५ जुलै १९७९, रविवार, रात्री दहा वाजता. कॅम्प डेव्हिडच्या डोंगरावर दहा दिवस बसून, धर्मगुरूंपासून राज्यपालांपर्यंत कोणाकोणाला बोलावून, त्यांचं ऐकून कार्टर खाली उतरले आणि दूरचित्रवाणीवर बोलले. विषय होता तेलाचा. कॅलिफोर्नियात त्या मे महिन्यापासून पंपावर मोटारींच्या रांगा होत्या. नंबर प्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम, यावर पेट्रोलचा वार ठरत होता. पण भाषणाचा पहिला अर्धा भाग प्रवचनाचा होता. आपल्यातले फार लोक आता चैनीची आणि उपभोगाची पूजा करू लागले आहेत, माणसाची ओळख तो काय करतो यावरून न ठरता त्याच्याजवळ काय आहे यावरून ठरू लागली आहे, असा त्यातला सूर. मागाहून त्याला ‘मलेझ’चं, म्हणजे मरगळीचं, भाषण म्हणायची रीत पडली, तरी तो शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. आणि लोकांना ते भाषण त्या रात्री आवडलंही होतं. त्यांची लोकप्रियता ११ टक्क्यांनी वर गेली. दोनच दिवसांनी त्यांनी सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले, पाच मंत्री गेले, आणि कमावलेलं त्या गडबडीत वाहून गेलं. म्हणजे लोक ‘तुम्ही हावरट आहात’ हे ऐकायला तयार होते. बिचकले ते सरकार मोडताना बघून.

आपल्याकडे हाच उपदेश करायला चार शब्द पुरतात: अंथरूण पाहून पाय पसरावे. कार्टरांची सगळी अर्थनीती या म्हणीत बसवता येईल, आणि ती त्यांनी पुस्तकात वाचून उचललेली नव्हती. जॉर्जियातल्या प्लेन्सजवळ, सुरुवातीला वीज आणि नळ नसलेल्या घरात ते वाढले. १९५३ मध्ये वडील वारल्यावर नौदल सोडून भुईमुगाच्या धंद्यात परतले, तर पहिल्याच हंगामात दुष्काळ. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी सरकारी विहारनौका विकली आणि लोकरीचा स्वेटर घालून शेकोटीशेजारून भाषण केलं: घरातली ऊब दिवसा ६५ अंश फॅरनहाइट, रात्री ५५. सेल्सिअसमध्ये सांगायचं तर १८ आणि १३. रात्री १३ अंशांत निजायला सांगणारा नेता पुन्हा निवडून येत नाही, हे महाबळेश्वरला डिसेंबरात गेलेला कोणीही सांगेल.

पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अंथरूण तेवढंच राहतं. रात्रीतून आखडत नाही.

१९७९ चं अमेरिकन अंथरूण दर महिन्याला आखडत होतं. त्या वर्षी सरासरी महागाई ११.३ टक्के, पुढच्या वर्षी १३.५. आता एक साधा हिशेब मांडू. बँकेच्या बचत खात्यावर किती व्याज द्यायचं, याची कमाल मर्यादा तेव्हा कायद्यानं ठरलेली होती. ‘रेग्युलेशन क्यू’ नावाचा मंदीच्या काळातला जुना नियम. बँकेत ५.२५ टक्के, बचत-कर्ज संस्थांत पाव टक्का जास्त. समजा एखाद्या बाईनं १,००० डॉलर खात्यात ठेवले. वर्षअखेर व्याज ५२.५० डॉलर. त्यावर उत्पन्नकर, तिचा कराचा टप्पा ३० टक्क्यांचा धरला तर १५.७५ गेले. हातात उरले १,०३६.७५. वर्षात भाव १३.५ टक्क्यांनी चढले, म्हणजे या पैशांत मागच्या वर्षीच्या भावानं जेमतेम ९१३ डॉलरचा माल येतो. काटकसर केली, शिस्त पाळली, सरकारचा करही भरला, आणि ८७ डॉलर जळाले. मोठ्या रकमेवाल्यांना पळवाट होती. १०,००० डॉलर असले की सहा महिन्यांची सर्टिफिकेटं बाजारभावाच्या व्याजानं मिळत. किमान ठेवीची अट कमी असलेले मनी मार्केट फंडही निघाले होते, पण ते माहीत असायला हवेत. पासबुक घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या आजीबाईंसाठी मात्र ५.२५.

उलट बाजू बघा. एकानं ४०० डॉलरचं धुलाई यंत्र कार्डावर घेतलं, १८ टक्के व्याजानं. वर्षाचं व्याज ७२. पण त्या काळात अमेरिकेत ग्राहककर्जाचं व्याजही करातून वजा करता यायचं. ती सवलत १९८६ च्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं गेली. ३० टक्क्यांच्या टप्प्यात २१.६० वाचले. निव्वळ व्याज ५०.४०. म्हणजे यंत्र पडलं ४५०.४०. पैसे साठवून वर्षानं घ्यायला जावं तर, किंमत सरासरीनं चढली असली तर, ४५४. शिवाय वर्षभर कपडे हातानं धुवायचे ते वेगळेच. हिशेबात दोन खोडी आहेत, त्या लपवत नाही. घरगुती यंत्रं सरासरीपेक्षा कमी वेगानं महागत होती. आणि व्याजाची वजावट घ्यायची तर तपशीलवार विवरण भरावं लागे, जे प्रामुख्यानं घरकर्ज असलेले लोक भरत. पण घरकर्जाचंच घेतलं तर हिशेब आणखी एकतर्फी होतो. १९७७ मध्ये ज्यानं पावणेनऊ-नऊ टक्क्यांनी तीस वर्षांचं स्थिर दराचं कर्ज काढलं, त्याला १९८० पर्यंत महागाईच कर्ज फेडून देत होती. त्याचा हप्ता डॉलरात तोच, आणि डॉलर दर महिन्याला हलका.

‘ऋण काढून सण’ हा आपल्याकडे टोमणा आहे. त्या अमेरिकेत ते शहाणपण होतं. खर्च करणारा माणूस रिकामपणा भरून काढत होता की पासबुकातली गळती थांबवत होता, हे बाहेरून ओळखू येत नाही. दोघंही दुकानात सारखेच दिसतात. कार्टरांनी पहिला पाहिला. कदाचित त्यांना तोच पाहायचा होता, कारण पहिल्याला उपदेश करता येतो. दुसऱ्यासाठी रेग्युलेशन क्यू बदलावं लागतं. (ते त्यांनी बदललंही. ३१ मार्च १९८०, ठेवींवरच्या व्याजमर्यादा सहा वर्षांत संपवणाऱ्या कायद्यावर सही. म्हणजे कापलेली कार्डं येत होती त्याच महिन्यात, शेवटच्या दिवशी. भाषणांच्या मानानं या सहीची आठवण कोणी काढत नाही.)

मराठीत या रोगाला दोन नावं आहेत. घरात ‘महागाई’ आणि वर्तमानपत्राच्या अर्थपानावर ‘चलनवाढ’. पहिला शब्द दुखणं सांगतो, दुसरा कारणाकडे बोट दाखवतो, की पैसाच फार झालाय. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे बोट हवं तिकडं वळवता येतं. कार्टरांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये ते नागरिकांच्या छातीकडे वळवलं: लाल-पांढरा गोल बिल्ला, ‘विन’ (WIN) अशी तीन इंग्रजी अक्षरं, आता महागाईला चाबूक लावा. परसात भाजी लावा, ताटात टाकू नका, दिवे मालवा. लोकांनी बिल्ला उलटा लावून ‘निम’ (NIM) वाचलं आणि त्याचा अर्थ लावला ‘लगेच चमत्कार नाही’. तीन महिन्यांत मंदी इतकी उघड झाली, की जानेवारीत फोर्ड लोकांनी खर्च करावा म्हणून करकपात मागत होते. कार्टर हे सगळं बघून आले होते. तरी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्वेच्छेचाच मार्ग धरला: पगारवाढ ७ टक्क्यांच्या आत ठेवा, किमतींना आवर घाला. देखरेखीला नेमले आल्फ्रेड कान, विमानभाडी मोकळी करणारे तिरकस प्रोफेसर. खोल मंदी येऊ शकते असं ते उघडपणे म्हणाले आणि वरून समज मिळाली. मग ते मंदीला ‘केळं’ म्हणू लागले. केळीच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा ‘कुमक्वाट’ म्हणू लागले. गंमत आहे खरी, पण ज्या सरकारात महागाईशी लढणाऱ्यालाच रोगाचं नाव घ्यायची चोरी, त्या सरकारनं जनतेशी खरं बोलल्याचा दावा करावा हे जरा जड जातं.

इथं वाट थोडी वाकडी करून विक्रोळीला जातो. कार्टरांची आई लिलियन १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवकांच्या योजनेतल्या परिचारिका म्हणून मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कॉलनीत आल्या आणि जवळजवळ दोन वर्षं राहिल्या. त्या काळात आपल्याकडे ‘कार्ड’ म्हटलं की एकच कार्ड: रेशनचं. मळकट, घड्यांवर फाटलेलं, साखर किती, रॉकेल किती याच्या नोंदींनी भरलेलं. ते कार्ड सांगायचं की याच्यापुढं मिळणार नाही. अमेरिकन कार्ड सांगायचं की याच्यापुढंही मिळेल. आईनं पहिल्या कार्डाचा देश आतून पाहिला होता. मुलाच्या वाट्याला दुसऱ्या कार्डाचा देश आला. रेशन कार्डाची कल्पना अमेरिकेला अगदीच परकी होती असंही नाही. तेलटंचाईच्या पहिल्या झटक्यात, १९७४ मध्ये, सरकारनं पेट्रोलची कुपनं अब्जांनी छापून कोलोरॅडोतल्या लष्करी कोठारात ठेवून दिली होती, वर जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र. कधी वाटली गेली नाहीत. शेवटी १९८४ मध्ये त्यांचा चुरा केला, कारण मोड देणारी यंत्रं त्यांना एक डॉलरची नोट समजण्याची भीती होती. सक्तीचं रेशनिंग कपाटात, आणि स्वेच्छेचा त्याग भाषणात. या दोन्हींच्या मधली एक गोष्ट कार्टरांनी १९८० च्या मार्चमध्ये हातात घेतली.

१४ मार्च, शुक्रवार. १९६९ च्या एका कायद्यानं राष्ट्राध्यक्षाला अधिकार दिला होता, की तो म्हणेल तेव्हा फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, कोणत्याही प्रकारच्या कर्जावर बंधन घालावं. तो अधिकार कार्टरांनी वापरला. फेडचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांना हे मनापासून नको होतं. व्याजदराचा त्यांचा स्वतःचा वरवंटा ऑक्टोबरपासून फिरत होताच. कोणत्या कर्जाला हो म्हणायचं आणि कोणत्याला नाही, हे ठरवण्यात त्यांना रस नव्हता. तेव्हा फेडनं नियम शक्य तेवढा बोथट केला. कार्डावरची उधारी, खात्यावरची उचल, विनातारण वैयक्तिक कर्ज, एवढ्याचीच १४ मार्चची बाकी बघायची. ती जेवढी वाढेल, त्या वाढीच्या १५ टक्के रक्कम धनकोनं फेडकडे बिनव्याजी ठेवायची. मोटारीचं कर्ज वगळलं, घराचं वगळलं. ज्या संस्थेची अशी उधारी २० लाख डॉलरपेक्षा कमी, तीही वगळली.

बँकेच्या बाजूनं बघा. १०० डॉलर जादा उधारी द्यायची तर आता ११५ डॉलर उभे करायला हवेत, कारण १५ फेडकडे पडून राहणार. पैसा १७ टक्क्यांनी उचलायचा धरला तर खर्च १९.५५. आणि बऱ्याच राज्यांत सावकारी कायद्यानं कार्डावरच्या व्याजाला १८ टक्क्यांचं झाकण. न्यूयॉर्कमध्ये ५०० डॉलरच्या वरच्या बाकीवर तर १२. म्हणजे नियम आला नसता तरी कार्डाचा धंदा तोट्यातच चालला होता. पावत्या हाताळायचा खर्च आणि बुडीत अजून मोजलेलंच नाही. बँकांना निमित्त हवं होतं, ते व्हाइट हाउसनं छापून दिलं. नवी कार्डं बंद. किमान हप्ता वाढला. आजवर फुकट असलेल्या कार्डाला वार्षिक फी लागली. आणि हे सगळं ‘सरकारच्या कार्यक्रमानुसार’.

आणि लोक? लोकांनी सूट कशाकशाला आहे हे वाचलंच नाही. राष्ट्राध्यक्ष दूरचित्रवाणीवर गंभीर चेहऱ्यानं सांगतायत की उधारी आवरा, बचतीचं प्रमाण पंचवीसेक वर्षांत इतकं खाली गेलं नव्हतं. एवढं पुरलं. मोटारीच्या कर्जाला हात लागला नव्हता, तरी मोटारींची विक्री कोसळली. एप्रिल-मेमध्ये ग्राहकांनी जुनी उधारी फेडली ती नव्यापेक्षा जास्त. दुसऱ्या तिमाहीत देशाचं उत्पादन वार्षिक हिशेबानं जवळपास ८ टक्क्यांच्या वेगानं घसरलं. बेकारी मार्चमध्ये ६.३ टक्के होती, जुलैत ७.८. इंजिनाला हलकासा ब्रेक लावावा, आणि गाडीतल्या प्रत्येकानं आपापला पाय जमिनीला लावून गाडी थांबवावी, तसं झालं.

याला काय म्हणायचं? उपभोगाची पूजा करणाऱ्यांचा हा देश. त्यांना एका शुक्रवारी दुपारी सांगितलं आणि सोमवारपासून त्यांनी देव्हारा आवरून ठेवला?

कापलेली कार्डं मला म्हणूनच सोडत नाहीत. कार्टरांच्या मागणीला लोकांनी दिलेला तो होकार होता, आणि तोच त्यांच्या निदानाचा सर्वांत धडधडीत पुरावा होता, विरुद्ध बाजूचा. हावेनं खर्च करणारा माणूस नियमातली फट शोधतो. या लोकांनी नियमापेक्षा जास्त पाळलं. उधारीचा हिशेब त्यांना कळत होता, पण हिशेबापलीकडं एक कर्तव्य आहे असं कोणी नीट सांगितलं, तर ते स्वतःच्या नुकसानीलाही तयार होते. कार्टरांना जो देश हवा होता तो त्यांना मिळालेला होता. मिळाल्यावर आता त्याचं करायचं काय, हे त्यांच्या माणसांना कळेना.

आता घोळ बघा. ऑक्टोबर १९७९ पासून फेडनं व्याजदराऐवजी पैशाच्या साठ्यावर नजर ठेवायचं ठरवलं होतं. लोकांनी कार्डाची बाकी फेडली की त्यांच्या खात्यातला पैसा कमी होतो, कर्ज आणि ठेव एकमेकांना पुसून टाकतात. एप्रिलमध्ये पैशाचा साठा एकदम आक्रसला. साठा कमी झाला म्हटल्यावर फेडच्या नव्या पद्धतीनं दर आपोआप खाली जायला हवेत, गेले. बँका एकमेकींना रातोरात देतात त्या पैशाचा दर एप्रिलच्या सुरुवातीला २० टक्क्यांच्या घरात होता, जुलैत ९ च्या आसपास. २२ मेला १५ टक्क्यांची ठेव निम्म्यावर आणली, ३ जुलैला सगळाच कार्यक्रम गुंडाळायचं जाहीर केलं. पैसा स्वस्त, बंधन गेलं. उन्हाळा सरताना खरेदी परत सुरू. मग फेडला पुन्हा दर चढवणं आलं, सप्टेंबरअखेर, मतदानाला सहा आठवडे उरले असताना. कार्टरांनी तेव्हा फेडवर उघड टीका केली. डिसेंबरात बड्या ग्राहकांसाठीचा बँकांचा दर २१.५ टक्के झाला. म्हणजे मंदीची किंमत पूर्ण मोजली आणि महागाई जिथल्या तिथं. औषधाचा अर्धा डोस घेऊन रोग चिवट करावा, तसं.

मार्चच्या त्याच पंधरवड्यात आणखी एक नाटक चाललं होतं. टेक्सासच्या हंट बंधूंनी उधारीच्या पैशावर चांदी गोळा केली होती. जानेवारीत भाव औंसाला ५० डॉलरला टेकला होता. २७ मार्चला १०.८० वर आपटला. कार्टरांच्या कार्यक्रमात सट्ट्याला कर्ज देऊ नका अशी बँकांना सूचना होती. तरी हंटांची देणी बुडाली तर बँका आणि दलालही बुडतील म्हणून बँकांनी त्यांच्या तेल कंपनीला १.१ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं आणि फेडनं हरकत घेतली नाही. टॉवेल-चादरीची उधारी बंद, चांदीची चालू. त्या दोन निर्णयांना आपापली कारणं होती, ती समजतातही. पण ज्या घरात नुकतीच कात्री चालली होती, तिथं ती कशी समजावणार?

मोजमापाचीही एक गोम आहे, ती कळल्यावर ही सगळी वर्षं जरा वेगळी दिसू लागतात. १९८३ पर्यंत अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकात घराची खरेदी किंमत आणि घरकर्जाचं व्याज थेट धरलेलं होतं. व्होल्करांनी महागाई मारायला व्याज चढवलं की घरकर्ज महागायचं, आणि निर्देशांक म्हणायचा, महागाई वाढली. मार्च १९८० चा १४.८ टक्क्यांचा उच्चांक त्यामुळे थोडा फुगलेला आहे. आणि त्याच कारणानं, उन्हाळ्यात व्याज उतरलं तेव्हा जुलैमध्ये निर्देशांक जवळजवळ जागचा हलला नाही. एका महिन्यात महागाई संपली! मग घराऐवजी घराचं भाडं मोजायला लागले. बचतीच्या आकड्याचं तर याहून विचित्र. ज्या खालावलेल्या बचतीवरून कार्टरांनी देशाला टोकलं, ते आकडे पुढं सुधारत गेले; निसटलेलं उत्पन्न मोजणीत आलं, व्याख्या बदलल्या. आजच्या सरकारी तक्त्यात १९७९ चं बचतीचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास दिसतं. २००५ मध्ये ते ३ च्या जवळ होतं. उधळे म्हणून ज्यांना बोलणी बसली, ते आपल्या नातवंडांच्या मानानं चांगलेच चिक्कू निघाले.

अलीकडे, विशेषतः १९८१ नंतर कार्टर किती साधे राहिले हे लोकांनी पाहिल्यावर, जुलै १९७९ चं भाषण भविष्यवाणी म्हणून वाचायची पद्धत पडली आहे. व्हाइट हाउसच्या गच्चीवर ३२ सौर तक्ते बसवणारा, उपभोगाला आळा घाला म्हणणारा द्रष्टा. सप्टेंबर २००१ नंतर दुसरे एक राष्ट्राध्यक्ष लोकांना फ्लोरिडाला, डिस्ने वर्ल्डला जा म्हणाले, त्याच्या शेजारी ठेवलं की ते अधिकच उजळ दिसतं. मला ही आरती थोडी लांबलेली वाटते. त्या भाषणाचा उत्तरार्ध वाचावा: कोळशापासून द्रवइंधन, दगडातून तेल, त्यासाठी नवं महामंडळ. उपभोग कमी करण्यापेक्षा तो परदेशी तेलावर होऊ नये ही चिंता मोठी होती. आणि ज्यासाठी त्यांचं खरोखर कौतुक व्हावं, ते काम प्रवचनाशी फटकून आहे. विमानभाडी १९७८ मध्ये मोकळी, मालमोटारींचे दर जुलै १९८० मध्ये, रेल्वेचे ऑक्टोबरमध्ये; देशी तेलाच्या किमतीवरचं नियंत्रण टप्प्याटप्प्यानं उठवायला सुरुवात १९७९ मध्ये. यात त्याग नाही, उपदेश नाही. स्पर्धा वाढली आणि वाहतूक स्वस्त झाली, एवढंच. आणि व्होल्करांची नेमणूक. हा माणूस व्याज चढवणार आणि निवडणुकीला आपल्या मुळावर येणार, असा इशारा मिळूनही केलेली. महागाई १९८३ मध्ये ३.२ टक्क्यांवर आली, तोवर श्रेय घ्यायला दुसरेच बसले होते. लोकांना त्याग मागणाऱ्या माणसानं स्वतःचा त्याग मात्र न बोलता केला. तो त्यांना कळून केला की नकळत, यावर वाद घालता येईल. मला वाटतं बराचसा कळून.

त्यांचं स्वतःचं अंथरूणही आखडलं होतंच. पदावर असताना भुईमुगाचं गोदाम विश्वस्तांच्या हाती सोपवलं होतं, कारण राष्ट्राध्यक्षानं धंद्यात लक्ष घालू नये. १९८१ च्या जानेवारीत प्लेन्सला परतायची वेळ आली तेव्हा कळलं, की धंद्यावर १० लाख डॉलरच्या वर कर्ज चढलंय. त्या वर्षीच्या व्याजदरानं. गोदाम विकावं लागलं. दोन निजायच्या खोल्यांचं साधं घर होतं, ते राहिलं.

आणि कार्डं? १९८० च्या पावसाळ्यानंतर बँका परत कार्डं देऊ लागल्या. लावलेली वार्षिक फी कार्यक्रम गुंडाळल्यावरही त्यांनी काढली नाही. न्यूयॉर्कचं व्याजाचं झाकण टाळण्यासाठी सिटीबँकेनं १९८१ मध्ये आपला कार्डांचा धंदा साउथ डकोटात हलवला, कारण त्या राज्यानं झाकणच काढून टाकलं होतं, आणि बँक ज्या राज्यात तिथला दर देशभर लावायला सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच मोकळीक दिली होती. ज्यांनी कार्डं कापली त्यांतल्या किती जणांनी पुन्हा अर्ज भरला याची नोंद कुठं असणार. पण त्यांनी भरला असेल तर नवं कार्ड टपालानंच आलं असेल, उठावाचे अंक कोरे करकरीत, आणि सोबतच्या पाकिटावर परतीचा पत्ता: सू फॉल्स, साउथ डकोटा.